तुझ्या नातीचे उपास

आई, मला तुझ्याशी भांडायचंय. तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि भांडायला मला मुहूर्त आत्ता मिळालाय, यावर तू काय म्हणाली असतीस तेही मला माहीत आहे. "आधी काय झालं ते नीट सांग, मग आदळआपट कर." तर सांगते. तुझी नात, जिला तू मांडीवर बसवून वरणभात भरवायचीस, ती आता सोळा वर्षांची आहे. अकरावीला आहे, माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, आणि आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत ती जवळजवळ जेवलीच नाही. आमच्या डोळ्यांसमोर जेवली नाही. आम्ही कोणी तिला काही विचारलं नाही, कारण आम्हाला वाटलं, पोरगी उपास करतेय. घरात सगळे खूश होते. मी तर सगळ्यात जास्त.

सुरुवात चतुर्थीपासून झाली. "आई, मी संकष्टी धरू?" असं तिनं विचारलं तेव्हा मी भेंडी चिरत होते, आणि काय सांगू तुला, मला एकदम भरून आलं. दहावीला चांगले मार्क पडलेले, वाटलं, बाप्पाला काही बोलली असेल. मग श्रावणी सोमवार आले. मग नवरात्राचे नऊ दिवस. मग मार्गशीर्षातले गुरुवार. कल्याणहून सासूबाईंचा फोन आला, "हल्लीच्या मुली कुठे करतात गं एवढं? संस्कार आहेत हो तुझे." संस्कार! मी कॉलेजच्या ऑफिसात टेबलाटेबलावर जाऊन सांगत सुटले, आमची अगदी आजीवर गेलीय. सोमवारी वरीचा भात आणि दाण्याची आमटी, नवरात्रात राजगिऱ्याच्या पुऱ्या, सगळं हौसेनं करत होते. ती म्हणायची, मी नुसतं फळ खाते. मग म्हणायला लागली, कपभर दूध बास. मग म्हणाली, मी निरंकार करते, पाण्यावर राहते. संकष्टीला रात्री चंद्र बघून ताटावर बसायची आणि अर्धा मोदक खाऊन उठायची, "भूक मेली गं." आणि मी काय करावं? मी तिच्या वाटच्या पुऱ्या दुसऱ्या दिवशी डब्यात भरून ऑफिसात नेल्या आणि कौतुकानं वाटल्या. बायकांनी कपाळाला लावून खाल्ल्या, प्रसाद म्हणून.

तू म्हणशील, तुला डोळे नव्हते का? मुलीचे कपडे ढगळ व्हायला लागले, गालफडं बसली, केस गळून बाथरूमच्या जाळीत गुंतायला लागले, हे आईला दिसत नाही? दिसत होतं गं. दिसत होतं, पण ते बोलायचे शब्दच मी घरातून हद्दपार केले होते. ती जन्मली त्याच दिवशी मी ठरवलेलं की या घरात कोणी जाड म्हणायचं नाही, बारीक म्हणायचं नाही, अंग, वजन, पोट, काही नाही. नणंदेनं वाढदिवसाला वजनकाटा दिला, तो मी खोक्यासकट सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकला. दहावीच्या वर्षी पोरगी भरली होती थोडी, तर नवरा चेष्टेत म्हणाला, "आमची भोपळी." त्याला मी बेडरूममध्ये नेऊन असा झापला की चार दिवस तो घरात पाहुण्यासारखा वावरत होता. बदलापूरच्या लग्नात नणंद तोंड उघडायला लागली तर तिलाही हाताला धरून पार्किंगमध्ये नेलं. मला माझा भारी अभिमान होता. वाटायचं, आई जे करू शकली नाही ते मी करून दाखवलं. म्हणून मग ती वाळायला लागली तेव्हा "तू बारीक झालीस" एवढं साधं वाक्यसुद्धा माझ्या जिभेवर येईना. उपास म्हटलं की बोलायची गरजच उरत नव्हती, आणि खरं सांगू, मला तेच सोयीचं होतं.

आता भांडण. कोपरचा आपला तो गाळा आठवतो तुला? तुला काय विचारायचं, तुझा अर्धा जन्म तिथे गेला. पोळीभाजी केंद्र म्हणून बोर्ड, आत दोन शेगड्या, एक लांब ओटा, आणि तू उभी. मी नववीत आहे. शाळेतून आल्यावर मी कणकेचे उंडे करून द्यायचे, तू आणि कामाच्या मावशी लाटायच्या-भाजायच्या. सात वाजता ऑफिसवाल्या बायका लोकलमधून उतरल्या की काउंटरवर झुंबड. तू पोळीला कधी हात आखडता घेतला नाहीस, तुझ्या घडीच्या पोळ्या डोंबिवलीत कुठे मिळत नव्हत्या, आणि त्या पोळ्यांच्या वासात उभी राहून मी रोज तुझं एकच वाक्य ऐकायचे, "तुला दोनच हं." सगळ्यांसमोर. गावभर जेवू घालणारी बाई आणि घरच्या पोरीला दोनच. एकदा त्या समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई, त्या बँकवाल्या, मी जांभळा शर्ट घातला होता तर मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला जाहिरातीची गरजच नाही हो. जाहिरात घरातच ठेवलीय." सगळ्या हसल्या. आणि आई, तू हसलीस. पदरानं तोंड पुसत हसलीस. मी तेव्हा पिठात हात घालून उभी होते, तशीच राहिले. तो जांभळा शर्ट मी परत घातला नाही. माझी पंचेचाळिशी आली तरी ते हसू माझ्या कानातून जात नाही, मी काय करू?

त्यानंतरच्याच सोमवारी तू मला म्हणालीस, "महादेवाला बोललेय मी. तू सोळा सोमवार धरायचे." मी विचारलं, "कशासाठी?" तू म्हणालीस, "चांगलं होतं मुलींचं." आणि मी धरले गं. आनंदानं धरले, कारण त्या दिवशी निदान कोणी दोनच म्हणणार नव्हतं. पहाटे आंघोळ, शंकराच्या देवळात जाऊन बेल वाहायचा, संध्याकाळी तू कहाणी वाचायचीस, मी हात जोडून ऐकायचे. सोळाही सोमवार मी मीठसुद्धा तोंडात घेतलं नाही. शाळेत चक्कर यायची, मी बाकाला धरून उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, महादेव बघतोय. सतराव्या सोमवारी उद्यापन. तू कणकेचा चुरमा केलास, तूप आणि गूळ घालून, घरभर दरवळ. त्याचे तीन भाग करायचे, एक देवाला, एक गाईला, तिसरा जिनं व्रत केलं तिचा. कहाणीत तसंच आहे, सोळा वेळा मी ऐकलेलं. तू तीन भाग केलेस. मग माझ्या वाटीकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि चमच्यानं माझ्यातला अर्ध्याहून जास्त काढून गाईच्या भागात घातलास. म्हणालीस, "तूप फार आहे त्यात. सतरा आठवड्यांचं पाण्यात जायचं सगळं."

तू, जी एकादशीला भाताच्या भांड्यालाही शिवायची नाहीस, जी सोवळ्यात जरा चूक झाली तर पुन्हा आंघोळ करायचीस, तीच तू देवाच्या वाटणीत हात घातलास. मी चौदा वर्षांची होते, पण एवढं मला कळलं की यात महादेव कुठेच नव्हता. होता तो बँकवाल्या बाईंचा जोक. वाटीतलं खाल्लं आणि गाळ्यात जाऊन उंडे करायला लागले. त्या संध्याकाळी मावशींची पाठ वळली की मी गरम पोळ्या घडी करून तोंडात कोंबत होते, किती ते माहीत नाही, चावतही नव्हते. जीभ भाजली. पुढे कित्येक वर्षं तसंच चाललं, लोकांसमोर दोन आणि आडोशाला किती ते विचारू नकोस. लग्नाआधी सहा महिने मात्र मी खरंच काही खाल्लं नाही. हॉलमध्ये मला शालू नेसवून उभी केली तेव्हा तू माझ्या दंडाला हात लावलास आणि तुझे डोळे भरून आले. "किती छान बारीक झालीस गं," म्हणालीस. तू माझं एवढं मनापासून कौतुक त्याआधी कधी केलं नव्हतंस.

बघ, आले ना वाहवत. तुझी नात सांगत होते. डिसेंबरातली गोष्ट, शनिवारची सकाळ. गॅस संपत आला होता म्हणून मागचा सिलिंडर कधी लागला ते बघायला मी भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटलं. मी तारखेखाली बारीक अक्षरात लिहून ठेवते, तुझीच सवय. तर काही तारखांखाली पेन्सिलीचे ठिपके. दिसतील न दिसतील असे. जुलैत दोन, ऑगस्टात सहा, मग वाढत वाढत डिसेंबरात, पुढच्या तारखा धरून, अठरा. मला आधी वाटलं, पाळीच्या खुणा. मग नीट बघितलं. संकष्टी, विनायकी, दोन्ही एकादश्या, दोन्ही प्रदोष, शिवरात्र, सोमवार, गुरुवार. पोरीनं पंचांगातून न जेवायचे दिवस शोधून काढले होते. आपल्याकडे ते इतके आहेत हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. ती कॉलेजच्या अभ्यासाला बसते तशी बसून एकेक हुडकत बसली असेल. मी कॅलेंडर भिंतीवरून काढून ओट्यावर ठेवलं.

ती झोपेतून उठून आली, स्वेटर घालून. ठाण्यात कसला स्वेटर, माजिवड्याच्या आमच्या त्या फ्लॅटमध्ये डिसेंबरातही पंखा लागतो. मी विचारलं, "आज काय आहे गं?" म्हणाली, "शनिवार. मारुतीचा." म्हटलं, "काल?" "काल प्रदोष होता ना." "परवा?" "गुरुवार. तूच तर फळं आणलेलीस." "आणि बुधवारी?" "एकादशी. आई, तू क्विझ घेतेयस का?" मी म्हटलं, "उद्या?" तर तीच हसत म्हणाली, "उद्या पौर्णिमा, दत्तजयंती. परवा सोमवार." एकटा मंगळवार सुटला होता. ती हसत होती आणि तिच्या हनुवटीखालची हाडं मला दिसत होती. आई, मी ओरडले. इतकी वर्षं न बोललेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "आरशात बघितलंस का स्वतःला? काडी झालीस! सापळा दिसतोयस!" अगदी तुझ्या सुरात, शब्द तेवढे उलटे.

ती रडेल असं वाटलं होतं. ती चिडली. "अच्छा, म्हणजे तुला दिसतं!" म्हणाली. "मला वाटलेलं तुला दिसतच नाही. दहावीत मी जाडी झालेली तेव्हा सगळे बोलायचे. आत्या बोलली, पप्पा बोलले, क्लासमधली पोरं तर रोज. तू एकटी बोलली नाहीस. कोणी काही बोललं की तू त्याला उचलून बाहेर नेऊन गप्प करायचीस. जसं काय घरात कोणी मेलंय. मग मला वाटलं, यार, हे एवढं वाईट आहे की आईला ऐकवतसुद्धा नाही." मी म्हटलं, "अगं, मी तुला त्रास होऊ नये म्हणून..." ती म्हणाली, "आणि तू स्वतः? तू कधी आमच्याबरोबर बसून जेवतेस? ओट्याशी उभी राहून काकडी खातेस. रात्री भात नको, गोड नको, पोट भरलंय. फोटो काढायला लागलं की माझ्यामागे लपतेस, मी लहान होते तेव्हापासून. तुला वाटतं मला कळत नाही?" मग मात्र ती रडली. मीही. मंगळवारची वाट न बघता त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले, तिथे कळलं की चार महिने तिला पाळीच आलेली नाही. मला तेही माहीत नव्हतं.

आता काय ते सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. एक समुपदेशन करणाऱ्या मॅडम आहेत, त्यांच्याकडे दर आठवड्याला जातो. वय तिशीचं असेल, पण बाई खमकी आहे. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "उपास बंद. देवाला माझं नाव सांगा." सासूबाईंना हे कसं सांगायचं याची मला धास्ती होती, कारण मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार राहिला होता, उद्यापन व्हायचं होतं. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग कल्याणहून एकट्या रिक्षानं आल्या, नातीला जवळ घेतलं आणि देवापुढे हात जोडून म्हणाल्या, "हिचं राहिलेलं सगळं माझ्या नावावर घे. ही आता जेवणार." गुरुवार त्यांनी केला, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, गुडघे दुखत असताना. पोरगी त्यांच्याशेजारी बसून वरणभात जेवली, रडत रडत, पण जेवली. मला त्यांचा हेवा वाटला, आई. वाटलं, माझ्या वेळी असं कोणी का आलं नाही?

मग तुझी एक गोष्ट आठवली, जी मी विसरूनच गेले होते. म्हणजे विसरले नव्हते, तिचा अर्थ लावला नव्हता. ते जाहिरातीचं बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बँकवाल्या बाई आल्या, नेहमीसारख्या सहा पोळ्या मागायला. तू वर न बघता म्हणालीस, "आज संपल्या." ओट्यावर कापडाखाली पोळ्यांची चळत होती, वाफ निघत होती. त्यांनाही दिसली. त्या म्हणाल्या, "या कोणाच्या?" तू म्हणालीस, "ऑर्डरच्या." ऑर्डर-बिर्डर काही नव्हती. तिसऱ्या दिवशीही तेच, मग त्या यायच्याच बंद झाल्या. मी उंडे करत सगळं ऐकत होते आणि मला वाटलं, तू त्यांच्यावर दुसऱ्याच कशावरून तरी रागावलीस. अगं, मला सांगितलं का नाहीस? बाईला इंगा दाखवलास आणि मला मात्र सोळा सोमवार! एकदा, एकदाच माझ्याकडे वळून म्हणाली असतीस की त्या बाईची जीभ सडकी आहे, तू जेव पोटभर, तर मी आज वेगळी बाई असते. की नसते? कोण जाणे. तुलाही कोणी कधी असं काही म्हटलं नसेल. तू सगळ्यांना वाढून झाल्यावर तव्यावर करपलेल्या पोळ्या चहात बुडवून उभ्यानंच खायचीस. मीही उभ्यानंच खाते, पोरीनं बरोबर बघितलं.

आणि तुझा शेवटचा महिना, हॉस्पिटलातला. तुझं वजन इतकं उतरलं होतं की उचलून बाथरूमला नेताना मला ओझं वाटायचं नाही. मी पेज करून चमच्यानं भरवत होते, "आई, एक घास, माझ्यासाठी एक." तू तोंड फिरवून म्हणालीस, "पुरे गं आता, अंगाला लागेल." आणि दोघी हसलो. इतक्या हसलो की शेजारच्या कॉटवरच्या बाई उठून बसल्या. तो क्षण होता आई. तेव्हा मी चुरम्याचं विचारायला हवं होतं. तूही सांगितलं असतंस बहुतेक, तुझा चेहरा सांगेल असा दिसत होता. मी चमचा धुवायला गेले. परत आले तोवर तुझा डोळा लागला होता.

हे सगळं मी कोणाला लिहितेय ते मला माहीत आहे, आणि हे कुठे पाठवायचं नाही हेही माहीत आहे. वहीची पानं आहेत, फाडून टाकीन किंवा राहतील कपाटात. भांडायला बसले होते, आणि भांडणही धड जमलं नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मी अजून त्या मॅडमना सांगितलेली नाही, नवऱ्याला नाही, कोणालाच नाही.

मॅडमनी मला एक काम दिलंय. पोरीसमोर बसायचं, तिच्या ताटात जे आणि जेवढं, तेच आणि तेवढंच माझ्याही ताटात, आणि तिच्याबरोबर संपवायचं. खाण्यावर एक अक्षर बोलायचं नाही, कॉलेजचं बोला, सिरीयलचं बोला. मला वाटलं, हे काय अवघड आहे? मी तुझ्याकडून पोळ्या शिकलेली बाई. आई, गेले दोन महिने रोज मी त्या ताटासमोर बसते आणि माझा घास खाली उतरत नाही. पंचेचाळीस वर्षांची बाई, दोन पोळ्या, भाजी, वरणभात, आणि माझ्या डोक्यात हिशोब सुरू होतो, उद्या काय टाळायचं, परवा किती चालायचं. समोर ती एकेक घास चावतेय, कधी डोळे मिटून, कधी पाण्याच्या घोटाबरोबर, आणि तरीही चावतेय. माझ्या वाट्याला तर एवढंच आलंय, बसून जेवायचं. तिचं जगणं त्या ताटावर अडकलंय आणि मला नुसतं बसून जेवता येत नाही. पहिले काही दिवस ढकलत ढकलत संपवलं. मग मी वाढतानाच माझ्या ताटात भात जरा पसरून वाढायला लागले, जास्त दिसावा म्हणून.

आज दुपारी तिनं सगळं संपवलं. पहिल्यांदाच माझ्याआधी. दुसऱ्या पोळीनं वाटी पुसून घेतली, लहानपणी पुसायची तशी, आणि तिला स्वतःलाच ते कळलं नाही. तिचा बाप बघत राहिला, मग घाईनं पाणी प्यायला लागला. ती माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "आई, तुझी दुसरी?" नुसतं विचारलं, काही मनात नव्हतं तिच्या. मी म्हटलं, "थांब, फोन वाजतोय," आणि ताट घेऊन आत गेले. फोन वाजत नव्हता. माझी पोळी मी डब्यात परत ठेवली, बाकीच्या पोळ्यांच्या खाली सरकवून, वर दिसू नये म्हणून, आणि नळ सोडून ताट विसळलं. मागे वळले तर ती स्वयंपाकघराच्या दारात आपलं ताट घेऊन उभी. किती वेळ उभी होती माहीत नाही. तिनं विचारलं, "कोणाचा फोन होता?" मी म्हटलं, "ऑफिसचा." तिनं ताट सिंकमध्ये ठेवलं आणि आपल्या खोलीत गेली. आज रविवार आहे.